लोकनकाशांतील नोंदी : शब्दांची एकवाक्यता व दुरुस्तीची शिस्त

कोणत्याही दप्तराची किंमत त्यांतील पानांच्या संख्येवरून ठरत नाहीं. एक शब्द सर्व पानांवर एकाच अर्थानें लिहिला आहे कीं नाहीं, यावरून ती ठरते. एका गांवच्या तलाठ्यानें 'जिरायत' हा शब्द पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या जमिनीस लावला, आणि शेजारच्या गांवीं तोच शब्द पीक उभें नसलेल्या प्रत्येक जमिनीस लागूं लागला, तर तालुक्याची बेरीज मांडतां येईल. परंतु त्या बेरजेवरून पाण्याचा किंवा बियाण्याचा अंदाज कोणासही बांधतां येणार नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असल्यामुळें हा विचार आमच्या अंगवळणीं पडलेला आहे. हल्लीं लोकांनींच लोकांकरितां चालविलेलें असें एक जगव्यापी दप्तर तयार झालें असून त्यांत आपल्या गांवचे रस्ते, ओढे व विहिरी यांचीही नोंद होत आहे. म्हणून त्याची रचना, त्यांत होणारा घोटाळा व तो निस्तरण्याची रीति यांची माहिती वाचकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

या दप्तराचें नांव ओपनस्ट्रीटमॅप. इ. स. २००४ सालीं स्टीव्ह कोस्ट यांनीं इंग्लंडांत त्याचा आरंभ केला. त्या काळीं त्या देशांत तपशीलवार नकाशांची सामग्री मोल देऊन व अटी पाळूनच मिळत असे. तेव्हां लोकांनीं आपापल्या भागाची पाहणी करून सर्वांस मोकळा असा नकाशा उभारावा, ही त्यामागील कल्पना. इ. स. २००६ मध्यें या कामास आधार देणारी संस्था स्थापन झाली. या नकाशांत कोणासही भर घालतां येते, चूक सुधारतां येते व त्यांतील माहिती उचलून आपल्या कामीं लावतां येते. मूळ नकाशाचा निर्देश करावा आणि त्याच्या आधारें नवें दप्तर प्रसिद्ध केल्यास तेंही तसेंच मोकळें ठेवावें, एवढीच अट आहे. ता. १२ जानेवारी २०१० रोजीं हैती देशांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते उपग्रहांच्या चित्रांवरून शेंकडों स्वयंसेवकांनीं थोड्याच दिवसांत या नकाशांत उतरविले व मदत पोंचविणाऱ्या पथकांनीं त्यांचा उपयोग केला. हें काम नुसत्या हौसेचें नाहीं, हें यावरून दिसून येईल.

दप्तराची रचना

या नकाशाचे मूळ घटक तीनच आहेत : बिंदु, रेषा आणि त्यांची सांगड घालणारा संबंध. विहीर हा बिंदु, ओढा ही रेषा, आणि शेताचा तुकडा म्हणजे दोन्ही टोकें जुळविलेली रेषा. परंतु नुसत्या रेषेवरून ती ओढ्याची कीं रस्त्याची, हें कळणार नाहीं. म्हणून प्रत्येक घटकास एक किंवा अधिक चिठ्ठ्या जोडतात. त्यांस 'टॅग' म्हणतात. टॅगचे दोन भाग असतात. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला भाग म्हणजे रकान्याचें नांव व दुसरा भाग म्हणजे त्या रकान्यांतील नोंद. विहिरीच्या बिंदूस 'मॅन मेड' या रकान्यांत 'वॉटर वेल' अशी नोंद होते. ओढ्याच्या रेषेस 'वॉटरवे' या रकान्यांत 'स्ट्रीम' अशी होते.

येथवर सर्व सोपें आहे. विशेष गोष्ट ही कीं, या रकान्यांची व नोंदींची वरून ठरवून दिलेली यादी नाहीं. ज्यास जो टॅग योग्य वाटेल तो त्यानें घालावा, एवढी मोकळीक आरंभापासून आहे. लांबी मात्र २५५ अक्षरांहून अधिक नसावी. या मोकळिकीमुळेंच नकाशा वाढला. कारण ऊंस गाळण्याचें गुऱ्हाळ, पाण्याची बारव किंवा भाताचें खाचर यांची नांवनिशी इंग्लंडांत बसून आधींच ठरविणें कोणासही शक्य नव्हतें. परंतु ज्या दारानें ही भर आंत आली, त्याच दारानें घोटाळाही आला.

घोटाळ्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार लेखनदोषाचा. 'बिल्डिंग' हा शब्द इंग्रजींत लिहितांना एखादें अक्षर मागेंपुढें झालें, तर संगणकास तें घर दिसतच नाहीं. दुसरा प्रकार एका वस्तूस दोन नांवें पडण्याचा. दूरध्वनीचा क्रमांक कोणी 'फोन' या रकान्यांत लिहितो, तर कोणी 'कॉन्टॅक्ट फोन' या रकान्यांत. तळें व धरणाचा जलाशय यांच्याही नोंदी दोन पद्धतींनीं झालेल्या आहेत. तिसरा प्रकार एका नांवाखालीं दोन भिन्न वस्तु येण्याचा.

या तिहींत तिसरा प्रकार सर्वांत घातक होय, आणि त्याचें कारण नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. पहिले दोन दोष टेबलाशीं बसून सुधारतां येतात, कारण लिहिणाराच्या मनांत काय होतें तें नोंदींतच दिसतें. तिसऱ्या प्रकारांत तें दिसत नाहीं. जी माहिती दप्तरांत कधीं आलीच नाहीं, ती दप्तर चाळून कशी मिळणार? तेथें जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच धंद्याचें आहे. जमिनीच्या उपयोगाच्या रकान्यांत पूर्वीं 'फार्म' अशी नोंद करीत. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ पिकाची जमीनही होतो, आणि घर, गोठा, कोठार यांसह असलेलें शेतकऱ्याचें आवारही होतो. कांहींनीं तो शेतास लावला, कांहींनीं आवारास. पुढें विचारविनिमय होऊन पिकाच्या जमिनीस 'फार्मलँड' व आवारास 'फार्मयार्ड' असे दोन निराळे शब्द रूढ झाले, आणि जुना शब्द वापरूं नये असें ठरलें. फळबागेस 'ऑर्चर्ड' व द्राक्षमळ्यास 'व्हिनयार्ड' असे स्वतंत्र शब्द आहेतच. परंतु नवा नियम झाल्यानें जुन्या नोंदी आपोआप शुद्ध झाल्या नाहींत. प्रत्येक तुकडा चित्रांत किंवा प्रत्यक्ष पाहूनच त्यास शेत म्हणावयाचें कीं आवार, हें ठरवावें लागलें.

दुसरें उदाहरण आपल्या कानास गमतीचें वाटेल. अरबी मुलुखांत वर्षांतील बहुतेक काळ कोरड्या राहणाऱ्या नदीच्या पात्रास 'वाडी' म्हणतात. पाण्याच्या रकान्यांत ती नोंद येऊं लागली. परंतु कोणी तिनें पात्र दाखविलें, कोणी सबंध खोरें. अखेर ती नोंद टाकून द्यावी, 'स्ट्रीम' किंवा 'रिव्हर' असें लिहून त्यासोबत पाणी अधूनमधून वाहतें असें सांगणारा 'इंटरमिटंट' हा रकाना भरावा, असा प्रघात सुचविण्यांत आला. उन्हाळ्यांत आटणाऱ्या आपल्या ओढ्यांस हीच रीति लागू आहे. आपल्याकडील वाडी म्हणजे लहान वस्ती. तिची नोंद 'प्लेस' या रकान्यांत 'हॅम्लेट' अशी करावी.

सर्वच वाद मिटले आहेत असें मात्र नाहीं. झाडीच्या जागेस 'फॉरेस्ट' म्हणावें कीं 'वुड', हा वाद जुना आहे. राखलेलें व तोडीचें रान तें पहिलें आणि आपोआप वाढलेलें तें दुसरें, असा भेद कांहीं करितात. इतर कांहीं दोन्ही शब्द सारख्याच अर्थानें वापरतात. अशा ठिकाणीं नुसत्या शब्दावरून अनुमान काढणें धोक्याचें होय.

रस्त्यांच्या नोंदी

शेतकऱ्याचा प्रत्यक्ष संबंध येतो तो रस्त्यांशीं. येथें प्रथमच एक अडचण उभी राहते. नकाशांत सर्व रस्त्यांच्या रकान्यास 'हायवे' असें नांव आहे. आपण हायवे म्हणजे महामार्ग समजतों. पण या रकान्यांत पायवाटसुद्धां नोंदवितात. तसेंच 'अनक्लासिफाइड' या नोंदीचा अर्थ 'रस्त्याचा प्रकार ठाऊक नाहीं' असा नव्हे. ब्रिटनच्या रस्त्यांच्या वर्गवारींतून आलेला हा शब्द असून गांवागांवांस जोडणारा लहान सार्वजनिक रस्ता, असा त्याचा अर्थ आहे. प्रकार ठाऊकच नसेल तर 'रोड' असें लिहून ठेवितात व माहिती मिळतांच ती नोंद बदलतात.

शेतीकडे जाणारी पाणंद किंवा गाडीवाट 'ट्रॅक' या नोंदीखालीं येते. तिच्या टणकपणाच्या पांच प्रती ठरविल्या आहेत : पहिली प्रत पक्क्या बांधणीची, पांचवी नुसत्या मऊ मातीची. मोजणी खात्याच्या गांवनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनें व पायमार्ग एकेरी तुटक रेषेनें दाखवितात, हें वाचकांस ठाऊक आहेच. तोच भेद येथें शब्दांनीं करावयाचा आहे.

आतां असें पाहा कीं, काळ्या जमिनींतील पाणंदीची नोंद कोणी 'अनक्लासिफाइड' अशी केली. भर श्रावणांत रुग्णवाहिकेच्या चालकानें या माहितीवर चालणारें वाटदर्शक यंत्र लावलें. यंत्रास चिखल दिसत नाहीं. त्यास नोंद दिसते. जवळचा म्हणून तें तोच रस्ता दाखविणार, आणि चाक रुतल्यावर आजाऱ्याचे जे हाल होतील ते एका चुकीच्या शब्दामुळें होतील. आपल्या शेताची वाट नकाशावर बारीक दिसते म्हणून ती ठळक दिसावी, या हेतूनें मोठ्या रस्त्याची नोंद करण्याचा मोह कित्येकांस होतो. नकाशाच्या शोभेकरितां खोटी नोंद करूं नये, हा या मंडळींचा पहिल्यापासूनचा दंडक आहे व तो अगदीं योग्य आहे.

घाऊक भरतीचा धडा

अमेरिकेंत इ. स. २००७ व २००८ या सालीं तेथील जनगणना खात्यानें तयार केलेली 'टायगर' नांवाची रस्त्यांची सामग्री या नकाशांत एकदम ओतण्यांत आली. एवढ्या विस्तीर्ण देशाचे रस्ते थोडक्या अवधींत नकाशावर आले, हा लाभ मोठा खरा. परंतु खेडोपाडीं शेतांतील कच्च्या वाटा व घराकडे जाणाऱ्या खासगी वाटा यांसही पुष्कळ ठिकाणीं 'रेसिडेन्शियल', म्हणजे वस्तींतील रस्ता, अशी नोंद लागली. कित्येक रेषा जागेवरून सरकलेल्याही होत्या. त्या सुधारण्याचें काम पुढें वर्षानुवर्षें चाललें आहे. या भरतींत एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. आलेल्या रेषांवर 'तपासणी झालेली नाहीं' अशा अर्थाची खूण होती व ज्यानें रस्ता पाहून खात्री केली त्यानें ती खूण काढावयाची, असा क्रम ठरला. कच्ची नोंद कच्ची म्हणून ओळखूं येत असेल, तर तिचा धोका निम्मा कमी होतो.

एकमत व दुरुस्ती

नवा टॅग सुचवावयाचा झाल्यास प्रस्ताव लिहून तो चर्चेस ठेवितात. किमान दोन आठवडे चर्चा चालते, नंतर किमान दोन आठवडे मतदान होतें. प्रस्ताव मंजूर झाला तरी तो कायदा ठरत नाहीं. लोकांनीं वापरला तर रूढ होतो, नाहींतर कागदावर राहतो. कोणता टॅग जगांत किती वेळां वापरला आहे, याचे आंकडे 'टॅगइन्फो' नांवाच्या सोयींत पाहावयास मिळतात. वहिवाट काय आहे, हें त्यावरून कळतें.

जुन्या नोंदी एकदम बदलण्याविषयीं याहून कडक शिस्त आहे. हजारों नोंदी यंत्राच्या साह्यानें बदलावयाच्या असतील, तर काय बदलणार व कां बदलणार हें आधीं जाहीर करावें, संबंधित लोकांचें म्हणणें ऐकून घ्यावें, आणि मगच हात घालावा. तसें न केल्यास ते बदल उलटविले जातात. आपल्या फेरफाराचीही पद्धति हीच नव्हे काय? गांव नमुना सहांत नोंद धरल्यावर हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावरच अंमल सातबारावर येतो. त्या नोटिशींत वेळ जातो हें खरें; परंतु ज्याची जमीन आहे त्यास बोलावयास संधि मिळते. नकाशांतही ज्यानें प्रथम नोंद केली, त्यानेंच बहुधा ती जागा पाहिलेली असते. त्यास न विचारतां शंभर कोसांवरून दुरुस्ती करणारा मनुष्य दप्तर दिसावयास स्वच्छ करील, पण त्यांतील साक्ष पुसून टाकील.

सभासदांस सूचना

आपल्या मंडळींपैकीं ज्यांस या कामीं हात लावावयाचा असेल, त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या.

१. जागेवर आज जें आहे तेंच नोंदवावें. मंजूर झालेला पण न झालेला रस्ता झालेला म्हणून दाखवूं नये.

२. नवा शब्द काढण्यापूर्वीं रूढ शब्द शोधावा. गांवांतील दोघांनीं दोन शब्द वापरण्यापेक्षां आधीं एकत्र बसून यादी ठरवावी.

३. दुसऱ्या कोणाच्या हक्काच्या नकाशांतून माहिती उतरून घेऊं नये.

४. नांवाच्या रकान्यांत नांवच लिहावें. 'सार्वजनिक विहीर' हें वर्णन आहे, नांव नव्हे. मराठी नांवासाठीं स्वतंत्र रकाना आहे. तो देवनागरींत भरावा.

५. संशय असेल तेथें नोंद बदलूं नये. नकाशावर टीप ठेवण्याची सोय आहे; तींत शंका लिहावी, म्हणजे जाणता मनुष्य ती पाहील.

६. प्रत्येक बदलासोबत काय केलें व कशावरून केलें, हें एका ओळींत लिहावें. प्रत्येक नोंदीचा इतिहास राखला जातो, व पुढील माणसास त्या ओळीचाच आधार असतो.

७. हा नकाशा हक्काचा पुरावा नव्हे. त्यांत मालकी नोंदवीत नाहींत. हद्दीचा तंटा असल्यास सातबारा व सरकारी मोजणी यांकडेच जावें.

पाऊस उघडून वाटा मोकळ्या झाल्या म्हणजे प्रत्येक गांवच्या दोघां-तिघां सभासदांनीं आपल्या शिवारांतील पाणंदी, ओढे व पिण्याच्या पाण्याच्या विहिरी एवढ्यांचीच पाहणी करावी. आणि पाणंदीची प्रत मात्र पुढील पावसाळ्यांत पुन्हा पाहून कायम करावी, कारण वाटेची खरी परीक्षा चिखलांतच होते. थोडक्या नोंदी, पण सर्वांच्या एकाच अर्थाच्या, एवढें साधलें तरी आडवाटेच्या वस्तीवर मदत वेळेवर पोंचण्याची सोय होईल.