आधी ओळख, मग आनंद

करमाळा

चि. भाचीस,


पवित्र शास्त्र रोज वाचतेस, पण आनंद होत नाही, एक काम उरकल्यासारखे वाटते, असे तू लिहिलेस. मंडळीत हे सहसा कोणी उघड बोलत नाही, म्हणून तू ते लिहिलेस याचे मला बरे वाटले. यात तुझ्या विश्वासाला उणेपणा नाही. उणीव वाचण्याच्या रीतीत आहे. सकाळी मोबाइलवर एक वचन येते, आपण ते वाचतो, चार जणांना पाठवतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच पुस्तकातले वेगळेच वचन. ते कोण कोणाला म्हणाले, त्याआधी काय घडले, याचा पत्ता नसतो. अशा एखाद्या वचनाने अडल्या वेळी धीर येतो, हे मी नाकारत नाही. पण शास्त्रातला आनंद ओळखीतून येतो, आणि सुट्या वचनांशी ओळख होत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय घे. नावांमागून नावे येतात. बहुतेक जण ती वंशावळ ओलांडून पुढे जातात. लेवीय या पुस्तकातले नियमही आपण असेच ओलांडतो. आता यांच्यामध्ये रूथचे पुस्तक ठेवून बघ. अवघे चार अध्याय. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, एक कुटुंब जगण्यासाठी मवाबात जाते, तिथे घरातले पुरुष मरतात, आणि घरची बाई नामी रिकाम्या हाताने गावी परतते. सोबत तिची मवाबी सून रूथ. हंगाम सातूच्या कापणीचा आहे, आणि ही परकी विधवा कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. दुष्काळ, गाव सोडून जाणे, दुसऱ्याच्या रानात सरवा वेचणे, यातले काय करमाळ्याच्या माणसाला समजावून सांगावे लागते? पण तिला वेचू का दिले? कारण लेवीयच्या 19 व्या अध्यायात नियम आहे: शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेली कणसे गोळा करू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. ज्या नियमाचा कंटाळा आला, त्यावरच रूथची भाकर अवलंबून होती. आता मत्तयाकडे परत ये. शेताचा मालक बवाज त्या यादीत आहे, आणि त्याची आई म्हणून राहाबेचे नाव आहे. तीही परकी, यरीहोची. परक्या बाईशी बवाज इतका अदबीने का वागला असेल, याचा विचार तिथे आपोआप मनात येतो. पुढे रूथचे नाव, तिचा मुलगा ओबेद, नातू इशाय, पणतू दावीद, आणि शेवटी येशू. यादीतले एक अक्षरही बदललेले नाही, तरी आता ती वाचताना मन भरून येते. मी ज्याला आनंद म्हणते तो हा.

तू म्हणशील, आनंद आपसूक यावा, कष्टाने आणलेला आनंद कसला? 119 वे स्तोत्र बघ. 176 वचने, मूळ हिब्रू वर्णमालेतल्या 22 अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांची बांधणी, आणि विषय देवाचे नियम. इतकी मेहनत घेणारा कवी तिथे सतत आपल्या हर्षाविषयी बोलतो. आणि आपल्या जेऊरच्याच रेल्वेमार्गावरचे केडगाव आठव. पंडिता रमाबाई तिथे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणत होत्या. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा 1921 साली गेली, त्या स्वतः 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि ते भाषांतर 1924 साली छापून पूर्ण झाले. मन प्रसन्न असेल तेव्हाच वाचायचे असे ठरवले असते, तर हे काम तडीला गेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शास्त्रात भयंकर भागही आहेत. शास्ते या पुस्तकात बायकांवरचे अत्याचार आहेत, आणि 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तिथे आनंद वाटला पाहिजे असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. तिथे राग येऊ दे, रडू येऊ दे, प्रश्न पडू दे. रमाबाईंनीही बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधल्या आपल्या गुरूंशी धर्ममतांवरून वाद घातले, आणि तरी शास्त्र हातचे सोडले नाही. ज्या ग्रंथाने 88 व्या स्तोत्रात एका दुःखी माणसाचे उत्तर न मिळालेले गाऱ्हाणे जसेच्या तसे जपून ठेवले, त्यावर मला अधिक भरवसा वाटतो.

तेव्हा महिनाभर ती रोजची सुटी वचने बाजूला ठेव. येत्या रविवारी उपासनेहून आल्यावर रूथचे पुस्तक एका बैठकीत, मोठ्याने, घरातल्यांना वाचून दाखव. मग लेवीय 19, मग मत्तय 1. घाई करू नकोस, आणि वाचताना जे खटकेल ते मला आधी लिही.

तुझी मावशी