पाळकाला प्रश्न विचारता आले पाहिजेत

मेथडिस्ट मंडळीत सेवेची तयारी करणारी मुलंमुली अधूनमधून बेळगावात शहापूरला माझ्याकडे येऊन बसतात. कुणाची स्थानिक उपदेशक म्हणून नुकतीच शिफारस झालेली असते, कुणाची डीकनची दीक्षा जवळ आलेली असते. त्यांच्याशी बोलताना, आणि स्वतः दीक्षित सेवक म्हणून काम करताना, एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. ज्याला मंडळी निःसंकोच प्रश्न विचारू शकते, तोच पाळक टिकतो. आपल्या वारशाचं मर्म मला यातच दिसतं. येणाऱ्यांना मी जे सांगतो, ते इथे मांडतो.

१. आपली मंडळी कुठून आली, ते आधी शोधा

1820 मध्ये जोसेफ टेलर बेल्लारीहून बेळगावला आले, ते लंडन मिशनरी सोसायटीचे म्हणून. आजच्या बेनन स्मिथ शाळेची सुरुवात 1832 ची, म्हणजे त्याच काळातली. मेथडिस्टांकडे इथलं काम आलं 1904 मध्ये. त्याआधीच्या चौऱ्याऐंशी वर्षांत मंडळीला वेगळं वळण लागलं होतं. लंडन मिशनची परंपरा मुख्यतः काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक मंडळीने आपले निर्णय आपण घ्यावेत अशी. मेथडिस्ट व्यवस्थेत पाळकाची नेमणूक बिशप करतात. जुन्या घरातले आजोबा सभेत उठून ‘आम्हाला विचारलं का?’ म्हणाले, तर तो हट्ट समजू नका. मला त्यात त्या जुन्या वळणाचा आवाज ऐकू येतो. निपाणी-कोल्हापूरकडे काम केलं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने. तिकडून आलेली सून तिसरीच रीत सोबत आणते. या सगळ्यांचे पाळक तुम्हीच असणार आहात.

२. बाबा पदमनजी वाचा

ते याच बेळगावचे. जन्म 1831 चा, इथल्या मिशन शाळेत शिकले आणि 1854 मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं आणि विधवांचं दुःख मराठी वाचकासमोर ठेवलं. त्यांनी पुढे पाळक म्हणूनही सेवा केली. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र. मी प्रत्येकाला सांगतो, व्यासपीठावर उभं राहण्याआधी आपल्या गल्लीतलं दुःख असं निरखून बघायला शिका. ज्या घरात रडू आहे, त्या घरची भाषा उपदेशात यायला हवी.

३. दीक्षेआधी एक वर्गसभा चालवा

1742 मध्ये ब्रिस्टल इथे मेथडिस्टांच्या सभागृहावर कर्ज होतं. दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची ठरली आणि बारा-बारा जणांमागे एकेक माणूस नेमला. पैसे मागायला घरी गेल्यावर घरची खरी परिस्थिती कळू लागली: कोण आजारी, कोण पुन्हा दारूकडे वळला, कुणाचा विश्वास डळमळला. जॉन वेस्लीने यातूनच वर्गसभा उभी केली. ‘तुझं कसं चाललंय?’ हे नेमाने विचारणारी माणसं प्रत्येकाला मिळाली.

शहापूर, वडगाव, खासबाग भागात यंत्रमागावर राबणाऱ्यांना आपल्या सोयीच्या वेळी बोलावून चालत नाही. त्यांची पाळी संपेल तेव्हा, त्यांच्याच घरी बसा. आणि तोच प्रश्न तुम्हाला विचारण्याचा हक्क त्यांनाही द्या.

४. इंग्रजीत शिकलेलं मराठीत मांडून बघा

जबलपूरचं लेनर्ड कॉलेज असो की बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, तिथली बी.डी.ची पदवी सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची असते. हा अभ्यास मनापासून करा. इब्री-ग्रीकचा कंटाळा करू नका. पण सुट्टीत घरी आलात की शिकलेला एक विषय रविवारच्या शाळेतल्या मुलांना आणि एक शेजारच्या आजींना समजावून सांगा. त्यांनी उलट काही विचारलं, तर समजा की विषय पोचला. नुसत्या माना डोलल्या, तर पुन्हा पुस्तक उघडा.

५. कन्नड शिका

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि लगतचं बेळगाव इंग्रजी अमलात. सीमेवर राहणं आपल्याला नवं नाही. आपल्या दक्षिण भारत कॉन्फरन्समध्ये बिदर आहे, कोलारही आहे. नेमणूक कुठेही होऊ शकते. मराठीवर माझं जिवापाड प्रेम आहे, आणि म्हणूनच सांगतो, मयताच्या घरी त्या घरच्या भाषेत प्रार्थना करता आली पाहिजे. विधवा आईला धीर देताना दुभाषी मधे बसवू नये.

६. दीक्षेचे प्रश्न वर्षभर आधी स्वतःला विचारा

वार्षिक कॉन्फरन्समध्ये उमेदवाराला सगळ्यांसमोर प्रश्न विचारण्याची रीत वेस्लीपासूनची आहे. ख्रिस्तावर विश्वास आहे का, प्रीतीत पूर्णत्वाकडे चालला आहात का, मुलांना शिकवाल का, घरोघरी भेटी द्याल का. एक प्रश्न कर्जाचाही असतो: सेवेत अडथळा येईल इतकं देणं तर नाही ना? पतसंस्थेचे हप्ते, भिशी, उसनवार, सगळं कागदावर मांडा आणि घरच्यांबरोबर बसून मार्ग काढा. मंडळीच्या पैशाचा हिशेब तर पहिल्या महिन्यापासून दोघांच्या सह्यांनीच ठेवा. दानपेटीत टाकलेला रुपया कुठे गेला, हे विचारण्याचा अधिकार तो टाकणाऱ्या बाईला आहे.

७. मान मिळेल, तो सेवेकडे वळवा

‘पाळकसाहेब’ ही हाक फार लवकर कानाला गोड लागते. मेथडिस्ट व्यवस्थेत दीक्षा दोनच, डीकन आणि एल्डर. बिशप हेही एल्डरच, त्यांच्याकडे देखरेखीचं काम सोपवलेलं असतं. हे काम आपल्या माणसांकडेही आलं: 1930 मध्ये जसवंतराव चितांबर मेथडिस्टांचे पहिले भारतीय बिशप म्हणून निवडले गेले. 7 जानेवारी 1981 रोजी मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाली. तेव्हापासून मंडळीचं बरंवाईट आपल्याच हातात आहे. परदेशी मिशनकडे बोट दाखवण्याची सोय उरलेली नाही, आणि ते चांगलंच झालं.

तयारीला लागलेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. याच आठवड्यात मंडळीतली तीन माणसं निवडा: एक वयाने मोठं, एक तुमच्याहून लहान, आणि एक तुमच्याशी सहसा सहमत न होणारं. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसा आणि त्यांना हवं ते विचारू द्या. दीक्षा मिळाल्यावरही ही बैठक मोडू नका.