वजन उचलताना कमरेचा पट्टा : केव्हा, कसा आणि कोणासाठी?

प्रौढ व्यक्तींनी आठवड्यातून किमान २ दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी व्यायामशाळेत जाणारे अनेक जण पहिल्याच दिवसापासून कमरेला रुंद पट्टा बांधतात. पट्टा बांधला की पाठ सुरक्षित झाली, असा समज त्यामागे असतो. हा समज अपुरा आहे आणि काही व्यक्तींसाठी धोकादायकही आहे.

पट्टा नेमके काय करतो?

वजन उचलण्यापूर्वी आपण खोल श्वास घेऊन पोट ताठ करतो, तेव्हा उदरपोकळीतील दाब वाढतो आणि पाठीच्या कण्याला आतून आधार मिळतो. पट्ट्यामुळे पोटाच्या स्नायूंना रेटण्यासाठी घट्ट कडा मिळते व हा दाब अधिक वाढतो. म्हणजेच आधार पट्टा देत नाही. आपले स्नायूच देतात, पट्टा त्यांना केवळ साहाय्य करतो. पोट सैल सोडून बांधलेला पट्टा निरुपयोगी ठरतो.

वापरण्याची योग्य पद्धत

• प्रथम पट्ट्याविना हलक्या वजनाने योग्य पद्धत शिकावी. पट्ट्याचा वापर स्क्वॉट, डेडलिफ्ट यांसारख्या व्यायामांतील सर्वांत जड फेऱ्यांपुरताच ठेवावा.
• पट्टा बरगड्या व नितंबाचे हाड यांच्या मधोमध बांधावा. पूर्ण श्वास घेता येईल इतपतच तो घट्ट असावा.
• श्वास पोटात भरून पोट पुढे, बाजूंना व मागे पट्ट्यावर रेटावे आणि मगच वजन उचलावे.
• प्रत्येक फेरीनंतर पट्टा सैल करावा.
• पट्टा आहे म्हणून झेपेल त्याहून अधिक वजन घेऊ नये.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब काही क्षण झपाट्याने वाढतो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असलेल्यांनी, गर्भवती महिलांनी, तसेच नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पट्टा बांधून जड वजन उचलू नये. अनेकांना आपला रक्तदाब वाढलेला असल्याची कल्पनाही नसते. त्यामुळे असे व्यायाम सुरू करण्यापूर्वी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा.

घरातील व कामावरील ओझे

दिवसभर पट्टा बांधून काम केल्याने पाठदुखी टळते, याला पुरेसा आधार नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये निरोगी कामगारांसाठी असे पट्टे सुचविण्यास नकार दिला. पुढे दुकानांत माल हाताळणाऱ्या सुमारे ९ हजार कर्मचाऱ्यांचा तिने अभ्यास केला. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही पट्ट्यामुळे पाठीच्या दुखापती वा पाठदुखी कमी झाल्याचे आढळले नाही.

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. टाकीसह त्याचे वजन सुमारे ३० किलो भरते. असे ओझे उचलताना पाय थोडे फाकवून गुडघ्यांत वाकावे, ओझे शरीराजवळ धरावे आणि पायांच्या बळावर उठावे. ओझे हाती असताना कमरेतून पिळू नये; वळायचे असल्यास पावले वळवावीत. शक्य तेथे दुसऱ्याची मदत किंवा चाकांची गाडी घ्यावी.

विलंब करू नये

वजन उचलताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. पाठदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे, मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतीच्या भागात बधिरपणा येणे किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण सुटणे, ही आणीबाणीची लक्षणे आहेत. अशा वेळी वर पट्टा आवळून, मालीश करून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहू नये. रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे.

पट्टा हे साधन आहे. योग्य पद्धत, हळूहळू वाढविलेले वजन आणि पुरेशी विश्रांती हेच पाठीचे खरे संरक्षण होय.