पाणकणीस : होस्टेलच्या सांडपाण्यावरची बाग

ओढ्याकाठी जिथे गावाचं सांडपाणी साचतं, तिथे पुरुषभर उंच हिरवी पाती आणि वर बाजरीच्या कणसासारखा तपकिरी दांडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. हेच पाणकणीस. काही जण त्याला रामबाण म्हणतात, शास्त्रीय नाव टायफा.

बीड जिल्ह्यात पाणवनस्पती कशाला लावायची, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा नुसत्या शोभेसाठी तळं करणं आपल्याला परवडणार नाही. पण अंघोळीचं आणि कपडे धुतलेलं पाणी रोज वाया जातंच. माझं म्हणणं असं, की पाणकणीस त्याच पाण्यावर लावावं.

काम कसं चालतं?
पाणकणसाच्या पात्यांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यातून ऑक्सिजन मुळांपर्यंत उतरतो. मुळांवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. म्हणजे खरं काम जिवाणूंचं, झाड त्यांना घर देतं. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेचं फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर आहे.

थोडा हिशोब
१०० मुलं, प्रत्येकी ६० लिटर धरले तर रोज ६ घनमीटर पाणी. ते ३ दिवस थांबवायचं आणि खडीतली पोकळी ४० टक्के धरायची, तर ६ × ३ ÷ ०.४ = ४५ घनमीटर. खोली ०.६ मीटर ठेवली तर ७५ चौरस मीटर, म्हणजे १५ × ५ मीटरचा वाफा. उन्हाळ्यात रोज १० मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं तर ७५० लिटर जातील. तरी ५२५० लिटर झाडांना उरतात.

लागवड
काळी माती उन्हात भेगाळते, म्हणून वाफ्याला विटांची भिंत आणि तळाला जाड प्लास्टिक हवंच. पाणी आत येण्याआधी जाळी आणि गाळाची टाकी ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्यातून कोंब असलेले गड्डे आणून अर्ध्या मीटरवर एक लावावेत. कोंब बुडू देऊ नयेत. रोपं धरली की पाणी खडीच्या वरच्या थरापेक्षा ५-७ सेंटिमीटर खालीच ठेवावं, म्हणजे डास होत नाहीत.

निगा
पाणकणीस जगवणं सोपं, आवरणं अवघड. एका कणसात लाखाच्या घरात बिया असतात. कापूस उडण्याआधी कणसं कापायची, नाहीतर शेजारचा पाझर तलावही भरून जाईल. भिंतीबाहेर आलेला कोंब लगेच उपटायचा. नको तिथे वाढलं तर पाण्याखाली कापायचं. हवेची वाट बंद झाली की गड्डा कुजतो.

मे महिन्यात आपण सगळे गावी जातो आणि पाणी येणं बंद होतं. तेव्हा जाण्याआधी पाती वीतभर ठेवून कापावीत, म्हणजे पाणी कमी लागतं. आठवड्यातून एकदा वाफा ओला केला तरी गड्डे तग धरतात.

शेवटचं, संडासचं पाणी आणि ॲसिड या वाफ्यात सोडायचं नाही. बाहेर पडलेलं पाणी पिण्यासाठी किंवा कच्च्या खायच्या भाजीला नाही, कडुलिंब-करंजाच्या झाडांना द्यायचं. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात एवढी झाडं जगली तरी पुष्कळ झालं!