लहान बागेंतील वाहतें पाणी

बागकामाच्या तासाला विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारतात कीं, घरच्या लहानशा अंगणांत वाहत्या पाण्याची कांहीं शोभा करतां येईल काय? अवश्य करतां येईल, आणि बेताच्या खर्चांत करतां येईल. पण ज्या घरीं पांच वर्षांखालील मूल आहे, अथवा शेजारचें मूल येऊन खेळतें, त्या घरीं ती कशी करावी हें सांगण्यापूर्वीं आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणें भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं घरामागें सिमेंटचा एक लहान हौद बांधून त्यांत कमळें लावलीं. पाणी जेमतेम वीतभर. एवढ्या पाण्यांत कोण बुडणार, असें आम्हीं स्वतःच शेजाऱ्यांस सांगितलें होतें. एके दिवशीं सकाळीं शेजारचें दीड वर्षाचें मूल कमळ पाहावयास काठावरून वांकलें, आणि डोक्याकडून आंत गेलें. त्याची आई चार पावलांवर कपडे वाळत घालीत होती. तिनें सहज मागें वळून पाहिलें, म्हणून मूल वांचलें. ती मागाहून जें बोलली तें आम्ही विसरलों नाहीं: "गुरुजी, आवाज मुळींच झाला नाहीं हो!"

आवाज होत नाहीं याला कारण आहे. तान्ह्या वयांत शरीराच्या मानानें डोकें जड असतें व हातांत बळ नसतें. मूल पालथें पडलें म्हणजे त्याला डोकें वर उचलतां येत नाहीं, आणि नाकातोंडांत पाणी गेल्यावर हांक निघत नाहीं. नाक व तोंड बुडण्यापुरतें चार बोटें पाणीही पुरें होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं. त्यांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील बालकांचा होता. तेव्हां "आम्ही लक्ष ठेवूं" हें उत्तर पुरेसें नाहीं. लक्ष आम्हीही ठेवीतच होतों.

यास्तव पाणी वाहतांना दिसावें, पण साठलेलें कोठेंही उघडें नसावें, या एका नियमावर सर्व रचना केली पाहिजे. साठा जमिनीच्या पोटांत ठेवावा. वर फक्त दगडांवरून ओघळणारा पातळ पापुद्रा असावा. पाणी गोट्यांवर पडावें व तेथेंच दिसेनासें व्हावें.

आम्हीं केलें तें असें. लांबीरुंदीस ६० व खोलीस ४० सेंटिमीटर असा खड्डा विटांनीं बांधून आंतून गिलावा केला. त्यांत २५ सेंटिमीटर पाणी भरलें म्हणजे ९० लिटर होतें. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. आंत दोन बाजूंस विटांचे दोन ठेंगणे खांब उभारले. वर जाड लोखंडी गजांची जाळी बसविली. ती खड्ड्याच्या कडेपुढें चारी बाजूंस वीतभर आलेली असावी, नाहीं तर ती आंत घसरण्याचें भय असतें; शिवाय तिला कुलूप असावें. जाळी बसल्यावर घरांतील सर्वांत वजनदार माणसानें तिच्यावर उभें राहून दोनचार उड्या मारून पाहाव्या. (आमच्या घरीं हा मान कोणास मिळाला तें सांगत नाहीं.) सुताची किंवा प्लॅस्टिकची जाळी येथें मुळींच कामाची नाहीं, ती मुलाच्या भारानें खोलगट होते, आणि त्या खोलगटींतच पाणी जमतें.

जाळीवर, खालच्या खांबांचा आधार साधून, आजीच्या वेळचें मोडीत निघालेलें जातें, म्हणजे त्याचा वरचा दगड, आडवा ठेवला. वैरण घालण्याचें त्याचें भोंक आयतेंच मध्यावर असतें. त्यांतून पंपाची नळी वर आणली. उभा ठेवलेला घडा किंवा दगडांची उतरंड अधिक शोभिवंत दिसते खरी, पण मूल धरून उभें राहूं लागलें कीं ती त्याच्या अंगावर येते. सभोंवार नदींतले गोटे पसरले, तेही मोठ्या माणसाच्या मुठीएवढे. बारीक खडे लहान मूल तोंडांत घालतें आणि ते घशांत अडकतात.

आतां थोडें पदार्थविज्ञान. मिनिटाला ६ लिटर पाणी ६० सेंटिमीटर वर उचलावयास किती शक्ति लागते? ६ गुणिले ९.८ गुणिले ०.६, म्हणजे मिनिटाला सुमारें ३५ जूल. सेकंदाला पाऊण जूलही नाहीं! तरी घर्षण व लहान यंत्राची अपुरी कार्यक्षमता यांमुळें पंप १० वॅटचा घ्यावा लागतो. तो रोज चार तास चालला तर २५ दिवसांत विजेचें एक युनिट खर्च होतें. पंप १२ व्होल्टचाच असावा. ट्रान्सफॉर्मर घरांत, मुलांचा हात पोंचणार नाहीं असा ठेवावा, आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारा स्विच जाणत्या तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा. येथें काटकसर करूं नये.

राहिले डांस. डेंग्यू पसरविणारा एडीस डांस थांबलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेस अंडीं घालतो, आणि उन्हाळ्यांत आठदहा दिवसांत त्यांचे डांस होऊन उडतात. जमिनीखालचा साठाही यांतून सुटत नाहीं, कारण पंप बंद असतां तेंही पाणी उभेंच असतें. तीं अंडीं भिंतीस चिकटून कोरडींही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतें पाणी बदलून भागत नाहीं, भिंती घासाव्या लागतात. आम्ही दर शनिवारीं त्याच पंपाला लांब नळी जोडून सर्व पाणी झाडांना देतों. तळाशीं उरलेलें, गोटे बाजूला सारून, गजांमधून चिंध्यांच्या बोळ्यानें टिपतों. खड्डा कोरडा झाल्यावरच कुलूप काढून जाळी उचलतों. पाणी असतां ती कधींही उघडीत नाहीं, क्षणभरासुद्धां नाहीं. मग ब्रशानें भिंती घासून, जाळी बसवून, कुलूप लावून, शेवटीं पाणी भरतों. भर उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असली तर दोन महिने खड्डा कोरडाच ठेवतों.

तें शेजारचें मूल आतां पांचवीत आहे. शनिवारीं नळी तेंच धरतें, आणि जास्वंदीला तिच्या वांट्याहून अधिक पाणी घालतें. जुना हौद आम्हीं त्याच आठवड्यांत मातीनें भरून काढला होता. त्यांत अळू उत्तम येतो.