एंजिनाची सुई का नाचते?

हिंगण्याहून नागपूरकडे निघालेली एक पेट्रोलची मोटार डोळ्यांसमोर आणा. वानाडोंगरी मागे पडली, एमआयडीसीतल्या चौकात लाल दिवा लागला आणि गाडी थांबली. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही. अशा वेळी एंजिनाने मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत शांतपणे गुरगुरत राहावे. पण इथे फेरे दाखवणारी सुई १५०० वर चढते, ७०० वर कोसळते, पुन्हा चढते. दिवा हिरवा होतो, पाय दाबला जातो, आणि गाडी सरळ निघण्याऐवजी झटके देत निघते. मागे मालट्रक उभा असताना असे होणे धोक्याचे. शिवाय गॅरेजमध्ये 'आधी प्लग बदलून पाहू, मग पंप बदलून पाहू' असे सुरू झाले, की बिल वाढत जाते आणि दोष मात्र तसाच राहतो.

दोष शोधायचा तर पहिला प्रश्न हा, की तो केव्हा होतो आणि केव्हा होत नाही? उभ्या गाडीत की चालत्या? रिकाम्या रस्त्यावर की चढावर? या साध्या प्रश्नांना इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी थोडे गणित करू.

समजा, एंजिन १००० घनसेंटिमीटरचे, म्हणजे १ लिटरचे आहे. चार स्ट्रोकच्या एंजिनात सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढून घेतात. म्हणून ८०० फेऱ्यांना मिनिटाला ४०० लिटर हवा लागेल. परंतु पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. तिच्यापलीकडच्या नळीत हवा विरळ होते. तिथला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे एक-तृतीयांश उरतो. तेव्हा बाहेरच्या हवेच्या मापाने एंजिन मिनिटाला साधारण १३० लिटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ लिटर हवा घेते. उलट, थ्रॉटल पूर्ण उघडून ४००० फेरे झाले, की हाच आकडा सेकंदाला ३० लिटरांवर जातो.

आता थ्रॉटलच्या पुढच्या रबरी नळीला एक भेग पडली आहे असे माना. तिचे तोंड एक-दीड चौरस मिलिमीटरचे, नखाने चाचपावे एवढे. तेवढ्यातून सेकंदाला सुमारे ०.२ लिटर हवा आत शिरते. उभ्या गाडीत हा हिस्सा १० टक्के झाला. भरधाव गाडीत तो १ टक्काही नाही; शिवाय तेव्हा थ्रॉटल उघडा असल्याने आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो आणि भेगेतून हवा शिरायचीच थांबते. म्हणूनच उभी असताना बेचैन होणारी गाडी वेगात सुतासारखी सरळ चालली, तर आमचे मिस्त्री लोक 'कुठून तरी हवा खेचते आहे' म्हणतात. ते बरोबर असते.

पण जादा हवेने एंजिनाचा वेग एकदाच बदलायला हवा. सुई हेलकावे का घेते? याचे उत्तर मोटारगाडीपेक्षा जुने आहे. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक, म्हणजे गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात व वाफ कमी करतात. वेग घटला की उलट. कल्पना उत्तम. परंतु काही यंत्रे या नियामकामुळे स्थिर होण्याऐवजी डोलू लागली. असे का होते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ सालच्या निबंधात मांडले. थोडक्यात सांगायचे तर दुरुस्ती उशिरा पोचली किंवा जरुरीपेक्षा जास्त झाली, तर तीच नवी चूक बनते. मग तिची दुरुस्ती, आणि तिचीही चूक. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टर-कारखाना आहे. ट्रॅक्टरचा नांगर कठीण ढेकळात अडला, तरी एंजिनाचा वेग टिकवण्याचे काम गव्हर्नरच करतो, आणि तो बिघडला की ट्रॅक्टरही असाच हेलकावतो.

मोटारीत हे काम संगणक करतो. भेगेतून आलेल्या हवेने उभ्या गाडीचा वेग वाढतो. संगणक पाहतो, की चालकाचा पाय वर आहे आणि फेरे मात्र जास्त. त्याला वाटते, गाडी उतारावरून घरंगळते आहे! अशा वेळी इंधन तोडायचे असा त्याला नेम घालून दिलेला असतो. तो तोडतो. फेरे कोसळतात, एंजिन बंद पडेल म्हणून तो पुन्हा पेट्रोल देतो, फेरे पुन्हा चढतात. थ्रॉटलच्या झडपेवर काजळी बसली, तरी हवेचा हिशेब चुकून असाच खेळ होऊ शकतो. ती नुसती पुसून काढल्यानेही काम भागते, आणि खर्च किरकोळ.

झटक्यांची गोष्ट निराळी. उभी गाडी शांत आहे, पण चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की हिसके बसतात; इथे संशय ठिणगीवर घ्यावा. सिलिंडरमध्ये जितकी जास्त हवा दाबली जाते, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागतो. झिजून फट रुंद झालेला प्लग किंवा तडकलेली कॉइल हलक्या भाराला निभावून नेते आणि जड भाराला चुकते. पावसाळ्यात हे विशेष दिसते, कारण ओलसर तड्यावरून वीज भलत्या वाटेने निसटते. पाय दाबल्यावर पहिले काही क्षण गाडी छान धावते आणि मग दम तोडते, तर मात्र इंधनाचा पुरवठा पाहावा. फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. पॅडल एका ठरावीक जागी आले की गचका बसतो, भार असो वा नसो, तर पॅडलची किंवा थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर त्या जागी झिजलेला असण्याचा संभव आहे.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत नागपूरच्या उन्हाळ्याची आणखी एक तऱ्हा होती. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आतच उकळू लागतात. एंजिनावर बसवलेल्या पंपात त्यांची वाफ अडकली, की गाडी भर दुपारी आचके देई आणि चालक पंपावर ओले फडके टाकून बसे. आताच्या गाड्यांत पंप टाकीत असतो व पेट्रोल दाबाखाली पाठवतो. त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला.

हल्ली गॅरेजमध्ये गाडीला यंत्र जोडून संगणकातले दोषांक वाचतात. सोय चांगली आहे, पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. उदाहरणार्थ, 'पी ०१७१' हा अंक सांगतो की मिश्रण विरळ आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. धुराड्यातला ऑक्सिजन-सेन्सर हे प्रमाण पाहून कळवतो. पुष्कळदा हा अंक दिसताच तो बिचारा सेन्सरच बदलतात! तापमापकात ताप दिसला म्हणून तापमापक फेकण्यातलाच हा प्रकार. हवा भेगेतून आली, पंप कमी पेट्रोल देऊ लागला, किंवा ठिणगी चुकल्याने न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडला, तरी सेन्सर 'विरळ' एवढेच म्हणणार.

मग तिघांतला खरा चोर कोणता? आपले गणित इथे उपयोगी पडते. त्याच यंत्रावर संगणक किती टक्के जादा पेट्रोल देतो आहे तेही दिसते. ती दुरुस्ती उभ्या गाडीत मोठी असून २५०० फेऱ्यांना घटली, तर भेग शोधा. उभ्या गाडीत नगण्य असून भार वाढेल तशी वाढली, तर पंप आणि फिल्टर पाहा. कोणत्या सिलिंडरची ठिणगी चुकते आहे याची नोंद वेगळी मिळते. ती मिळाली की त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या कॉइलशी बदलून पाहावी; दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागच्या जागी राहिला तर दुसरे काही. हा प्रयोग फुकटचा आहे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. मात्र कॉइलवर हजारो व्होल्ट असतात, तेव्हा तो एंजिन बंद करून जाणत्याने करावा. भेग शोधण्यासाठी तापलेल्या एंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारण्याची चाल काही ठिकाणी आहे; तीत आग लागण्याचा धोका असतो. त्यापेक्षा हवेच्या नळीत धूर सोडून तो कुठून निसटतो हे पाहणे बरे.

एंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल, तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडझाप करू लागला तर मात्र वेग उतरवून गाडी कडेला घ्यावी. ठिणगी वारंवार चुकत असते, न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या उत्प्रेरक-पात्रात पोचून तिथे जळत असते, आणि त्या उष्णतेने आतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. हे पात्र प्लगच्या कितीतरी पट महाग असते.