झिजलेली किल्ली आणि अडणारे कुलूप

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अमौसीचा विमानतळ लागतो. त्याच्याच परिसरात, सरोजिनीनगर येथे, 'स्कूटर्स इंडिया' हा सरकारी कारखाना होता. १९७२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने मिलान येथील इनोचेंती कंपनीची यंत्रसामग्री, आराखडे व व्यापारी नावाचे हक्क विकत घेतले आणि 'विजय डीलक्स' व 'लॅम्ब्रेटा' या स्कूटरी तयार केल्या. दुचाकींचे उत्पादन १९९७ साली थांबले. २०२१ साली केंद्र सरकारने कारखानाच बंद करण्यास मंजुरी दिली. मोटारींची कथाही वेगळी नाही. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबेसेडर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन बंद पडले आहे. अँबेसेडरचे २०१४ साली थांबले.

परंतु कारखाना बंद झाला म्हणून त्याची वाहने नाहीशी होत नाहीत. ती जतन करणारी माणसे असतात, आणि त्यांच्यापुढे सुट्या भागांचा प्रश्न उभा राहतो. या भागांमध्ये सर्वांत लहान व सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे किल्ली. ती रोज वापरली जाते, रोज किंचित झिजते, आणि एके दिवशी कुलपात फिरेनाशी होते. असे का घडते व त्यावर कोणता उपाय करावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. स्कूटरीच्या कुलपांनाही त्यातील बरेचसे लागू पडते. तथापि येथे उदाहरण म्हणून मोटारीचे कुलूप घेऊ.

१. कुलपाची रचना

मोटारीच्या कुलपाचे दोन मुख्य भाग असतात. बाहेर स्थिर असे कवच आणि त्याच्या आत फिरणारा दंडगोलाकार गाभा. गाभ्यात आडव्या फटी असून प्रत्येक फटीत धातूचे एक पातळ, चौकोनी पाते बसविलेले असते. पात्याच्या मधोमध खिडकीसारखे छिद्र असते व एका बाजूस बारीक स्प्रिंग असते. किल्ली कुलपात नसते तेव्हा स्प्रिंगच्या जोराने पात्यांची टोके गाभ्याबाहेर येऊन कवचातील खोबणीत अडकतात. म्हणून गाभा फिरत नाही.

किल्ली आत गेली की ती सर्व पात्यांच्या खिडक्यांतून पार होते. किल्लीच्या कडेवरील प्रत्येक खाच आपापल्या पात्याला ठराविक उंचीवर आणून ठेवते. सर्व पात्यांची टोके गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत आली म्हणजे अडथळा दूर होतो व गाभा फिरतो. एकच पाते जरी थोडेसे बाहेर राहिले, तरी ते कवचाला घासते. 'कुलूप अडते' असे आपण म्हणतो ते बहुधा यामुळेच.

२. झीज कशी होते

किल्ल्या बहुधा पितळेच्या, पोलादाच्या, अथवा तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूच्या असतात. या मिश्रधातूला जर्मन सिल्व्हर म्हणत असले, तरी त्यात चांदी मुळीच नसते. किल्ली आत-बाहेर करताना प्रत्येक खेपेस तिचे उंचवटे पात्यांवर घासतात. त्यात रस्त्यावरची धूळ मिसळली म्हणजे ती पॉलिश-कागदासारखे काम करते. उंचवटे बोथट होतात, आणि पाते पूर्वी जेवढे उचलले जाई तेवढे उचलले जात नाही.

उन्हाळ्यात धातू फुगतो म्हणून कुलूप अडते, अशी एक समजूत आहे. ती हिशेबाने पडताळून पाहू. पितळेची लांबी तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला सुमारे १९ दशलक्षांश भागाने वाढते. गाभ्याचा व्यास १२ मिलिमीटर धरला आणि लखनौच्या हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांत ४० अंशांचे अंतर मानले, तर वाढ सुमारे ०.००९ मिलिमीटर होते. म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. शिवाय कवचही त्याबरोबर प्रसरण पावते. तेव्हा खरा अपराधी प्रसरण नसून वाळलेले ग्रीस व त्यात रुतलेली धूळ हा होय.

३. दोष किल्लीचा की कुलपाचा?

उपाय करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ठरविणे आवश्यक आहे. पुढील कसोट्या सोप्या आहेत.

(अ) घरात क्वचित वापरलेली दुसरी मूळ किल्ली असल्यास ती लावून पाहावी. तिने कुलूप सहज उघडले, तर पहिली किल्ली झिजली आहे.

(आ) किल्ली केसभर मागे ओढून किंवा किंचित उचलून फिरविल्यास कुलूप उघडत असेल, तर तेही किल्लीच्या झिजेचेच लक्षण होय. कारण तसे केल्याने पात्याखाली शेजारच्या उताराचा थोडा उंच भाग येतो.

(इ) दोन्ही किल्ल्या अडत असतील, तर दोष कुलपात आहे: धूळ, गंज, तुटलेली स्प्रिंग किंवा झिजलेली पाती.

(ई) इग्निशनची किल्ली आत जाते पण मुळीच फिरत नाही, आणि स्टिअरिंगही जखडलेले आहे, अशा वेळी चाकांच्या ताणाने स्टिअरिंगच्या कुलपाचा खिळा एका बाजूस दाबला गेलेला असतो. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवीत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. येथे जोराचे काम नाही.

पक्कडीने किल्ली पिरगाळणे किंवा कुलपावर ठोकणे सर्वथा टाळावे. झिजलेली किल्ली खाचेपाशी अरुंद व दुर्बल झालेली असते. ती तेथेच तुटते व तुकडा आत राहतो.

४. साफसफाई व वंगण

कुलूप अडले की त्यात तेल सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. तेलाने तात्पुरता गुण येतो. परंतु तेल धूळ धरून ठेवते आणि काही महिन्यांत त्याचा चिकट लगदा होतो. म्हणून आधी लवकर उडून जाणाऱ्या द्रवाने, उदाहरणार्थ स्पिरिटने, आतील मळ धुऊन काढावा व कुलूप पूर्ण वाळू द्यावे. हे काम उघड्या हवेत, विस्तवापासून दूर आणि बॅटरीची तार काढून करावे.

त्यानंतर ग्रॅफाइटची अगदी थोडी भुकटी फुंकावी. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर एकावर एक रचलेले असून ते सहज घसरतात. म्हणून ते कोरडे वंगण ठरते. भुकटी न मिळाल्यास मऊ पेन्सिलीचे टोक किल्लीच्या दोन्ही बाजूंवर घासावे व किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करावी. मात्र ग्रॅफाइट हे विजेचे वाहक आहे. इग्निशनच्या कुलपामागेच विजेचे स्विच असते, त्यामुळे तेथे त्याचा वापर बेताने करावा. एकदा ग्रॅफाइट वापरले की त्यावर पुन्हा तेल घालू नये.

५. नक्कल आणि मूळ माप

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किल्ली झिजली म्हणजे आपण ती किल्लीवाल्याकडे नेतो आणि 'अशीच दुसरी करून दे' असे सांगतो. यंत्र अगदी प्रामाणिकपणे काम करते, आणि झिजलेल्या किल्लीची झिजलेलीच नक्कल आपल्या हाती येते. समजा, मूळ उंचवटा ०.१५ मिलिमीटरने झिजला आहे आणि नक्कल करताना ०.०५ मिलिमीटरची चूक झाली. नवी किल्ली पहिल्या दिवशीच ०.२० मिलिमीटरने उणी असेल. अनेक मोटारींच्या कुलपांत खाचेच्या एका पायरीपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही तूट किती मोठी आहे हे कळून येईल. त्या नकलेची पुन्हा नक्कल केली, तर चूक आणखी वाढते.

म्हणून किल्ली नकलेवरून नव्हे, तर मूळ मापावरून कापावी. हे माप तीन ठिकाणी सापडू शकते. पहिले, किल्लीवर किंवा कुलपावर कोरलेला क्रमांक. त्यावरून खाचांची खोली कळते. दुसरे, न वापरलेली जोडकिल्ली. तिसरे, खुद्द कुलूप. ज्या गाडीत सर्व कुलपांना एकच किल्ली लागते, तेथे चालकाच्या उलट बाजूच्या दाराचे कुलूप फारच कमी वापरले गेलेले असते. कुशल कारागीर ते उघडून पाती मोजतो व त्यावरून किल्ली पुन्हा मूळ मापाची बनवितो. किल्ली हरवली तरी मोटार निरुपयोगी होत नाही, ती यामुळेच. अशी किल्ली करवून घेताना गाडीचे नोंदणीपत्र बरोबर न्यावे. आणि ते पाहिल्यावाचून किल्ली न देणारा कारागीर भेटला, तर राग न मानता समाधान मानावे.

मूळ मापाची नवी किल्ली तयार झाली की एक जपून ठेवावी, दुसरी वापरावी आणि तिसरी कापावयाची झाल्यास जपून ठेवलेलीवरून कापावी. क्रमांक वहीत टिपून ठेवावा; तो किल्लीच्या जुडग्यावर लिहू नये.

६. हयगयीचा धोका

इग्निशनचे कुलूप फार झिजले, तर इंजिन चालू असतानाच किल्ली बाहेर निघू लागते. पुष्कळांना यात गंमत वाटते; वस्तुतः ती धोक्याची सूचना आहे. गाडी चालत असताना किल्ली कधीही ओढू नये, कारण किल्ली निघाल्यावर स्टिअरिंग जखडले जाण्याचा संभव असतो. तसेच इग्निशनच्या किल्लीला घरच्या व दुकानाच्या किल्ल्यांचे जड जुडगे लावू नये. ते खड्ड्यागणिक हेलकावे खाते व कुलूप झिजविते.

२०१४ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीला इग्निशन स्विचच्या दोषामुळे सुमारे २६ लक्ष मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. स्विचची पकड कमजोर असल्याने धक्क्याने किंवा जुडग्याच्या भाराने किल्ली फिरे, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे व अपघातसमयी हवेच्या सुरक्षा-पिशव्या फुगत नसत. नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यू मान्य करण्यात आले. तो दोष रचनेचा होता, झिजेचा नव्हे. तरीही किल्ली आपल्या जागी घट्ट राहण्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

सारांश, कुलूप अडले म्हणजे बळ न वापरता कारण शोधावे. तेलाऐवजी सफाई व कोरडे वंगण वापरावे. आणि जुनी किल्ली तुटण्याची वाट न पाहता, कुलूप चालू आहे तोवरच, मूळ मापाची नवी किल्ली करून घ्यावी. कारखाना बंद झाला तरी हे माप कुलपाच्या आत शिल्लक असते. ते वाचणारा हात मात्र हवा.

अभ्यास

१. किल्ली केसभर मागे ओढल्यावर कुलूप का उघडते, ते आकृती काढून समजावून सांगा.
२. घरातील एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या शेजारी ठेवून प्रकाशासमोर धरा. कोणती अधिक वापरली गेली आहे हे कशावरून ओळखाल?
३. २० मिलिमीटर लांबीची पितळी किल्ली ३० अंशांनी तापली, तर तिची लांबी किती वाढेल?